आर्मांदो गप्प बसला तो दिवस

आर्मांदो चाउकेला गप्प कसं करायचं, यावर आमच्या गावात आजवर बरेच उपाय झाले. चर्चच्या बायकांनी त्याला गायनात घेतलं, म्हणजे निदान गाताना तरी बोलणार नाही. तो दोन कडव्यांच्या मध्ये बोलायला लागला. त्याची बायको मिसावेनी त्याच्या ताटात मुद्दाम मोठी हाडं वाढते. तो हाड गालात सरकवतो आणि बोलतो. धंद्यानं तो वेल्डर. खिडक्यांचे गज, फाटकं, कोंबड्यांचे पिंजरे. तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा, ठिणग्या उडतायत, आणि आतून आवाज चालूच, "हे बघ, मी मुळात कमी बोलणारा माणूस. दोनच गोष्टी सांगतो. पहिली..." पहिली संपायच्या आत गिऱ्हाइकाची शेवटची टॅक्सी निघून जाते. दुसरी गोष्ट गावात कुणी ऐकलेली नव्हती.

आम्ही शेजारी. मधे नुसतं फांद्यांचं कुंपण. त्यामुळे चहाबरोबर आम्हाला साखर कमी मिळाली तरी आर्मांदो पुरेसा मिळतो.

हा माणूस दर शनिवारी आत जायचा. आत म्हणजे अभयारण्यात. तारेचं कुंपण गावापासून चार किलोमीटरवर आणि गेट आठवर, पण आमच्यातलं कुणी जनावरं बघायला म्हणून आत जात नाही. हत्ती बघायला गाडी कशाला काढायची? तो आपल्या पायांनी येतो, मका खातो, पाण्याची टाकी उलथवतो आणि जातो. आर्मांदो मात्र पहाटे गेट उघडायच्या आधी आपली जुनी पिकअप घेऊन रांगेत उभा. पुढे-मागे मोठमोठ्या गाड्यांमधले गोरे, त्यांच्या छपरांवर तंबू, गळ्यात हातभर कॅमेरे.

आत एक रीत आहे. समोरून गाडी आली की दोघांनी थांबायचं, काच खाली करायची आणि विचारायचं, "काय दिसलं?" बाकीचे सांगतात, "पुलाजवळ दोन जिराफ." आर्मांदो सांगायचा, "पुलाजवळ दोन जिराफ आहेत, त्यातला एक लंगडा आहे, लंगडा का आहे तर गेल्या महिन्यात त्याच्यावर तीन सिंहिणी..." मागे सहा गाड्या तुंबायच्या. एखादा टोपीवाला म्हातारा गोरा मान डोलवत म्हणायचा, "फारच छान, फारच छान," आणि हळूच काच वर करायचा. आर्मांदो काचेशी बोलत राहायचा.

त्याला बघायची असायची ती शिकार. रानकुत्र्यांनी हरिणाला उभ्या उभ्या फाडलं, त्याचं आतडं तोंडात धरून दोन कुत्रे दोन बाजूंना पळाले, ते त्यानं मान न वळवता बघितलं. मगरीनं वासराला पाण्यात पिळून त्याचा पाय उपटला, तेही. सिंहांनी रानम्हशीचं तोंड धरून तिला पाडलं आणि ती जिवंत असतानाच मागून खायला सुरुवात केली. बाजूच्या गाडीतली बाई रडायला लागली. आर्मांदो मनगटावरच्या घड्याळात बघत होता. घरी येऊन सांगायचा, "म्हैस, तोंड धरलं तर पाऊण तास. हरिण, गळा धरला तर तीन मिनिटं. झेब्र्याचं नशीब असेल तसं."

त्याचा मेव्हणा रिसिमाती टॅक्सी चालवतो. तो एकदा म्हणाला, "मुकोन्वाना, तू काय पंच आहेस का? शिट्टी पण देऊ का तुला?" बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे मुकोन्वाना म्हणतात आणि त्याची टर उडवायचा मेव्हण्याला हक्कच असतो.

आर्मांदो म्हणाला, "मला बघायचं असतं, किती वेळ लागतो." आणि लगेच वेल्डिंगच्या कांड्या हल्ली कशा बोगस येतात त्यावर बोलायला लागला.

किती वेळ लागतो हे त्याला का बघायचं होतं, ते कोक्वाना सेलेस्टिनाला माहीत होतं. कोक्वाना म्हणजे आजी, सगळ्या गावाचीच आजी ती, पण आर्मांदोच्या बापाची सख्खी बहीण. वय ऐंशीच्या घरात. कान गेलेत, पण स्वतःबद्दल कुणी बोललं तर परत येतात. ती ही गोष्ट बाजाराची यादी वाचावी तशी सांगते. सीमेपलीकडे लढाई चालू होती. बंदूकवाले गावात आले. आर्मांदोच्या बापाला त्यांनी अंगणात बसवलं आणि त्याच्याच कुऱ्हाडीनं तोडलं. आधी हात, मग मान. झोपड्या पेटवल्या. जे पळाले ते चौदा जण, आणि एक वाटाड्या. सीमेच्या तारेत करंट होता. एक जण चिकटला, त्याचा वास आला, त्याला तसाच ठेवून बाकीचे तारेखालून खणून आले. पुढे तीन दिवस अभयारण्यातून पायी. वाटाड्याचा एकच नियम होता. आवाज करायचा नाही. काहीही झालं तरी.

तिसऱ्या दिवशी उजाडताना ते दोन गोरखचिंचांच्या मधून जात होते. एकमेकींकडे झुकलेली, डोक्याला डोकं लावून भांडणाऱ्या बायकांसारखी दोन झाडं. आर्मांदोची आई सगळ्यात मागे होती. सिंहिणीनं तिला मागून उचललं. आर्मांदो आठ वर्षांचा, दोन पावलं पुढे. वाटाड्यानं त्याचं तोंड दाबून धरलं.

"ती ओरडली," कोक्वाना सांगते, "आम्ही नाही ओरडलो. चालत राहिलो. तिचा आवाज बराच वेळ मागून येत राहिला."

इथं ती तपकीर ओढते. नंतर म्हणते, "मग बंद झाला."

गावात आल्यावर लोकांनी त्यांना जागा दिली आणि नावही दिलं, कुंपणवाले. आठ वर्षांचं पोर पहिल्या दिवसापासून बोलत होतं, कोंबडीशी, भिंतीशी, कुणाशीही. कुणाला वाटलं वारं लागलंय. ते वारं अडतीस वर्षांत उतरलं नाही.

पण आई तिथंच होती. माती मिळाली नाही, हाड मिळालं नाही, घरी आणलं नाही. कोक्वानाच्या स्वप्नात ती दोन झाडांमध्ये बसलेली असायची आणि पाणी मागायची. अशा माणसाला घरी आणायची आमची पद्धत आहे. काटेरी बोरीची फांदी घ्यायची. या बोरीला दोन दोन काटे असतात, एक सरळ आणि एक वाकडा. सरळ काटा वाट दाखवतो, वाकडा धरून ठेवतो. जिथं माणूस मेलं तिथं जायचं, फांदी जमिनीवरून ओढायची, नावानं हाक मारायची. ते माणूस फांदीला धरून उठतं. मग घरी यायचं. गाडीत त्याच्यासाठी जागा सोडायची. आणि फांदी धरणाऱ्यानं घरी पोचेपर्यंत तोंड उघडायचं नाही. काही घरांत फांदीशी बोललेलं चालतं. कोक्वानाच्या घरात तेही चालत नाही.

जागा मात्र सापडत नव्हती. अभयारण्य एवढं मोठं, आणि गोरखचिंचा काय थोड्या आहेत? पंधरा वर्षं दर शनिवारी आर्मांदो ती दोन झाडं शोधत होता. गावाला वाटायचं याला जनावरांचा नाद आहे. गेल्या हिवाळ्यात आत वणवा लागला, उंच गवत जळून गेलं, आणि एका कच्च्या रस्त्याच्या वळणावर, रस्त्यापासून साठ पावलांवर, त्या दोन बायका डोक्याला डोकं लावून उभ्या दिसल्या. त्यानं पिकअप थांबवली. त्या दिवशी तो घरी काय बोलत आला ते कुणाला कळलं नाही, कारण तो रडत बोलत होता.

पुढच्याच शनिवारी ते निघाले. रिसिमातीची सोळा सीटची टॅक्सी, कारण फांदी धरणाऱ्यानं गाडी चालवायची नसते. पुढे रिसिमाती आणि कोक्वाना, मागे आर्मांदो, आणि डब्यात मिसावेनीनं तळून दिलेले मैद्याचे गोळे नि आंब्याचं लोणचं. मी गाडीत नव्हते. पण त्या तिघांनी ही हकिगत इतक्यांदा आणि इतक्या वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलीय की मी प्रत्येक सीटवर बसून आले असं समजा.

गेटवर न्यिको असते, आमच्याच गावची.

"माणसं किती?" तिनं विचारलं.

"जाताना तीन, येताना चार," रिसिमाती म्हणाला.

"येताना चौथं कोण? आत कुणी बाळंत होणाराय का?"

"याची आई."

"ती आत काय करते?"

"बसलीय."

न्यिकोचं पेन थांबलं. तिनं कोक्वानाच्या मांडीवरची फांदी बघितली. फॉर्मवर चार लिहिलं. "गाडीतून उतरायचं नाही, हे मला सगळ्यांना सांगावं लागतं," ती म्हणाली.

"आणि आम्हाला ऐकावं लागतं," रिसिमाती म्हणाला, आणि त्यानं गाडी आत घातली.

दहाच्या सुमाराला रस्त्यात गाड्यांचा घोळका दिसला. पाच सिंहिणींनी रस्त्याच्या कडेलाच रानरेडा धरला होता. एक त्याच्या नाकाला लटकलेली, दोन पाठीवर. चौथीनं मागून पोट उघडलं होतं, आणि आत डोकं घालून ती बाहेर यायची तेव्हा तिचं तोंड रंगवल्यासारखं लाल. रेडा अजून पायांवर होता. एवढ्या गाड्यांची इंजिनं बंद, आणि त्याचा तो घोगरा हंबरडा. पाचवी सिंहीण म्हातारी, लंगडी, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. ती तोंड घालायला गेली की बाकीच्या तिला फोडून काढायच्या. तिचा एक कान लोंबत होता. शेवटी ती रक्त चाटत बाजूला झाली आणि गवतात शिरली.

"चोवीस मिनिटं झाली," आर्मांदो म्हणाला. तेव्हा त्याला अजून बोलायला परवानगी होती. "नाक धरलंय, चुकीचं धरलंय. ती उजवीकडची नवशिकी आहे. मागच्या महिन्यात मी..."

"मी खातोय," रिसिमाती म्हणाला.

"मग खा की. मी कुठं तुझा गोळा धरलाय?"

"कोक्वाना, याला सांगा."

"काय?" कोक्वाना म्हणाली. "लोणचं? दे."

झाडांपाशी पोचले तेव्हा आर्मांदोनं बोलणं अर्ध्यातच सोडलं. आजूबाजूला एकही गाडी नव्हती. तो उतरला. साठ पावलं. कोक्वाना खिडकीतून हात करून दाखवत होती, अजून पुढे, अजून, तिथं. तिथं काहीच नव्हतं. जळकं गवत आणि हत्तीचं शेण. त्यानं तपकिरीची चिमूट जमिनीवर सोडली, पाणी ओतलं, फांदी ओढली.

"आई," तो म्हणाला, "मी आर्मांदो. मोठा झालोय. गाडी आणलीय. चल."

तेवढंच. येताना तो फार हळू चालत आला, एखाद्या म्हाताऱ्या माणसाला धरून आणावं तसा. मागचं दार उघडून आधी थांबला, मग स्वतः चढला. शेजारच्या सीटचा पट्टा त्यानं लावला. ओठ घट्ट मिटलेले. रिसिमाती सांगतो, त्याला वाटलं गाडी बंद पडली, इतकी शांतता.

मग रिसिमातीला कळलं की ही शांतता फुकट घालवायची नसते.

"आता ठरवू," तो म्हणाला. "एकदा काच वाजवलीस तर मुतायचंय. दोनदा वाजवलीस तर जनावर दिसलंय. बाकी तुझं काही ऐकायचं नाही, हे मी एकोणीस वर्षांपूर्वीच ठरवलंय."

आर्मांदोनं मान डोलावली.

"तुझी ती कुदळ मीच हरवली. दोन वर्षं तू शेजाऱ्यावर संशय घेतलास."

आरशात आर्मांदोचे डोळे मोठे झाले.

"आणि तू चर्चमध्ये गातोस ना, तेव्हा पाळक कानात बोट घालतो. एकच, दुसऱ्या हातात पुस्तक असतं म्हणून."

टक टक.

"काय? जिराफ? पाहिलाय मी."

टक टक.

"हत्ती? असू दे. तुझं मशीन मिसावेनी विकायला काढतेय म्हणत होती. माझीच बहीण, मी काय बोलणार?"

आर्मांदोच्या मानेची शीर फुगली होती. तरी तोंड उघडलं नाही. मधेच त्यानं एकदा शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघितलं आणि पट्टा नीट केला. मग पुन्हा टक टक, रानडुक्कर, टक टक, करकोचा. जो माणूस जन्मभर प्रत्येक जनावराचं वंशवृक्षासकट वर्णन करत आला, त्याच्यातून ते नुसतं बोटाच्या पेरांतून बाहेर पडत होतं. रिसिमातीनं शेवटी बघणंच सोडलं.

झाडांपासून अकरा किलोमीटरवर मागचं उजवं टायर धारदार दगडावर फुटलं. नियम असा आहे की गाडीत बसून राहायचं आणि फोन करायचा. फोनला रेंज नव्हती. आणि रिसिमाती पडला टॅक्सीवाला. चौकात, उतारू भरलेले असताना, सहा मिनिटांत टायर बदलणारा माणूस. त्यानं दोन्ही बाजूंना बघितलं, खाली उतरला आणि चाकापाशी उकिडवा बसला. कोक्वाना पुढे घोरत होती. हे इतकं साधं असतं. आम्ही सगळे जन्मापासून जाणतो की आत वाकायचं नाही. उभा माणूस जनावराला माणूस दिसतो, वाकलेला माणूस मांस दिसतो. पण टायर उभ्यानं बदलता येत नाही.

आर्मांदो उजव्या खिडकीशी होता. रिसिमातीची पाठ त्याच्या खाली, हाताच्या अंतरावर. त्याच्यापलीकडे गवत. गवतात एक लोंबता कान.

टक टक.

"हो, हो," रिसिमाती पान्याला जोर देत म्हणाला.

टक टक. टक टक. टक टक.

"मुकोन्वाना, तुझं प्राणिसंग्रहालय जरा बंद ठेव. एक नट निघाला."

गवतातून ती लंगडी पूर्ण बाहेर आली. पोट जमिनीला टेकलेलं. एक पाय ओढत. अजून वीस पावलं. आर्मांदोनं मुठीनं काच बडवली. त्या टॅक्सीची मागची ती खिडकी उघडत नाही, वर्षभर अडकलेली. दार पलीकडच्या बाजूला, रिकाम्या सीटच्या पलीकडे.

"दुसरा पण निघाला," रिसिमाती म्हणाला. "बडव, बडव. काच फुटली तर भरून देशील."

आर्मांदो माझ्याशी त्या क्षणाबद्दल एकदाच बोललाय, आणि तेही थोडक्यात, म्हणून लक्षात आहे. तो म्हणाला, "मी तिच्या सीटकडे बघितलं. मग म्हटलं, एकदा झालंय हे."

आणि तो ओरडला. "रिसिमाती, मागे."

रिसिमाती वळला म्हणून मान वाचली. सिंहीण हवेत होती. मानेऐवजी तिच्या तोंडात डावा हात गेला, कोपराच्या खाली. तो सांगतो की आधी आवाज आला, ओली फांदी मोडल्याचा, दुखलं नंतर. ती त्याला ओढायला लागली. त्यानं उजव्या हातातला पाना तिच्या डोक्यात घातला, पुन्हा घातला, तिनं डोळे मिटले पण दात नाही सोडले. तो पाठीवर फरफटत होता आणि खडीवर त्याचा शर्ट, मग कातडं निघत होतं.

आर्मांदो पलीकडच्या दारातून गाडीला वळसा घालून आला. हातात काय होतं? फांदी. दुसरं काही घ्यायला वेळच नव्हता. त्यानं ती काटेरी फांदी सिंहिणीच्या तोंडावर मारली, डोळ्यावर, नाकावर, पुन्हा पुन्हा, आणि तो शिव्या देत होता, अडतीस वर्षांच्या. फांदी मोडली. मोडलेलं टोक त्यानं तिच्या डोळ्यात खुपसलं. वाकडा काटा अडकला. ती किंचाळली, हात सुटला, आणि तिनं पंजा फिरवला. आर्मांदोच्या मांडीवरून चार उभ्या फटी पडल्या, आत पांढरं दिसेपर्यंत. तेवढ्यात कोक्वाना जागी झाली. तिनं समोर बघितलं, आणि काय करायचं ते तिला कळेना म्हणून दोन्ही हातांनी हॉर्नवर पडली. तो हॉर्न बाजारातला उतारू बोलवायचा, तीन सुरांचा. सिंहीण तो ऐकून लंगडत गवतात गेली, तोंडावर फांदीचा तुकडा घेऊन.

रिसिमातीचा हात दोन ठिकाणी मोडून कातड्यावर लोंबत होता. कोक्वानानं डोक्याचा रुमाल काढून कोपराच्या वर इतका करकचून बांधला की तो तेव्हा पहिल्यांदा ओरडला. दोनच नट निघाले होते. फुटक्या टायरवर, रिमवर, आर्मांदोनं गाडी हाणली. बावीस किलोमीटरवर वनरक्षकांचा तळ होता. आणि तो सगळा रस्ता तो बोलत होता. "डोळे मिटू नको. ऐक. कुदळ तू हरवलीस ना? ऐक, कुदळीची गोष्ट काय आहे, ती कुदळ माझी नव्हतीच. डोळे मिटलेस तर अंगावर थुंकेन. हे बघ, दोनच गोष्टी सांगतो..." रिसिमाती म्हणतो, त्या दिवशी त्यानं दुसरी गोष्टही ऐकली. काय होती ते विचारलं तर म्हणतो, रक्त फार गेलं होतं, आठवत नाही.

हात कोपराखाली कापावा लागला. आर्मांदोच्या मांडीला एकेचाळीस टाके.

मग चौकशी झाली. अधिकाऱ्यानं रिसिमातीच्या थोटक्या हाताकडे बघितलं आणि म्हणाला, तुम्हाला शिक्षा झालीय. आर्मांदोला म्हणाला, तुम्ही जीव वाचवायला उतरलात, ते समजू शकतो. इथं गप्प बसला असता तर प्रकरण मिटलं असतं. पण आर्मांदो म्हणाला, "नाही साहेब, त्याच्या आधी पण मी उतरलो होतो, साठ पावलं गेलो होतो, पाऊण तास लागला." कुणी विचारलं नव्हतं. त्याला आत यायला कायमची बंदी झाली.

बंदीचं त्याला काही वाटलं नाही. हॉस्पिटलमधून आल्यावर तो थेट कोक्वानापुढे जाऊन बसला. "ती आली का?" त्यानं विचारलं. एवढा छोटा प्रश्न त्यानं आयुष्यात कुणाला विचारला नव्हता.

मिसावेनी म्हणाली, "आली असेल हो. आईच ती. समजून घेईल."

कोक्वानाला हे बरोबर ऐकू आलं. "समजून घ्यायचा प्रश्न नाही," ती म्हणाली. "तोंड उघडलं की ते माणूस तिथंच उतरतं. ती उतरली."

आर्मांदोनं तोंडावर हात ठेवला.

"कुठं उतरली?" कोक्वाना पुढे म्हणाली. "टायर फुटलं तिथं. झाडांपाशी आता नाही ती. रस्त्याच्या कडेला बसलीय. अकरा किलोमीटर इकडं आलीय. रडतोस काय, अडतीस वर्षांत तिला कुणी एवढं आणलं नव्हतं."

"पण मला आत जाता येत नाही."

"मला येतं की. मी काय फांदी धरू शकत नाही? मुलगा होता म्हणून मी थांबले. ती माझी भावजय होती, माझं मीठ उसनं नेलंय तिनं."

म्हणजे गाडी कुणीतरी चालवायला हवी. सगळ्यांनी आपापल्या चपलांकडे बघितलं. रिसिमाती म्हणाला, "मी जातो. माझा अर्धा हात तिथंच आहे, त्याला पण बघून येतो."

गिअर टाकायचा हात गेलेला. म्हणून शेजारी मिसावेनी बसली. दोन महिन्यांनी, एका शनिवारी पहाटे ते निघाले तेव्हा आख्खी गल्ली बाहेर आली होती.

"दोन," रिसिमाती म्हणाला.

मिसावेनीनं गिअर टाकला. गाडी किंचाळली.

"दोन म्हटलं, चार नाही. शाळेत गेलीस का कधी?"

"तू क्लच दाबलास का? पाय तरी दोन आहेत ना अजून?"

"भांडायचं ते उतरल्यावर," कोक्वाना मागून म्हणाली. "या वेळी चारी टायर नवे आहेत ना?"

"आहेत, कोक्वाना."

"काय?"

"आहेत."

आर्मांदो गेटपर्यंत त्यांच्याबरोबर आला आणि बाहेर उतरला. तिथं एक झाड आहे, त्याच्याखाली सकाळपासून उभा राहिला. न्यिको म्हणते, दुपारपर्यंत त्यानं तिला रेड्याच्या नाकापासून ते स्वतःच्या टाक्यांपर्यंत सगळं ऐकवलं, दर गाडीपाशी जाऊन विचारलं, "पांढरी टॅक्सी दिसली का, एका हाताचा ड्रायव्हर?" गोरे म्हणायचे, "नाही, पण पुलाजवळ बिबट्या आहे." त्याला बिबट्याचं काही नव्हतं.

चार वाजता टॅक्सी आली. रिसिमाती सरळ समोर बघत होता. मिसावेनीचा हात गिअरवर. मागे कोक्वाना, ओठ आत ओढून घेतलेले, मांडीवर फांदी, दोन्ही हातांनी धरलेली. तिच्या हातांना काटे लागून रक्त आलेलं. शेजारची सीट रिकामी.

अशा गाडीला थांबवायचं नसतं. तो रस्त्याच्या मधोमध आला होता, बाजूला झाला. टोपी काढली. न्यिको सांगते, त्याचं तोंड उघडं होतं, पण त्यातून काही आलं नाही. गाडी त्याच्या अंगावर धूळ टाकून गेली.

तो आठ किलोमीटर चालत आला. लंगडत. तीन गाड्या त्याच्यापाशी थांबल्या, बस म्हणाल्या, त्यानं नको म्हणून हात हलवला. शेवटची गाडी आमच्या शाळेच्या शिपायाची होती. तो म्हणतो, "मी विचारलं, काय झालं? तर हा नुसता बघतो. मी घाबरलो. मला वाटलं कुणी मेलं."

अंगणात बकरा कापून झाला होता. बायका मोठ्या भांड्यात मक्याचं पीठ घाटत होत्या. फांदी आत, मातीच्या ओट्यावर ठेवली होती, आणि तिच्यापुढे पाण्याचा तांब्या. कोक्वाना बाहेर बसून हातातले काटे सुईनं काढत होती आणि आता सगळ्यांशी एकदम बोलत होती.

मिसावेनी फाटकापाशी आली. "पाय धू," ती म्हणाली. "किती वेळ लावलास. ती मघापासून आत बसलीय."